स्टेशनच्या हौदाला कुलूप

बापूसाहेबांचा दुसरा घोडा सकाळी मेला आणि आमच्या साहेबांनी दुपारच्या आत हुकूम सोडला, की अकोल्यातल्या तांगेवाल्यांचे सगळे घोडे ताब्यात घ्या. हुकूम घेऊन शिपाई आला तेव्हा मी त्या मेलेल्या घोड्याच्या छातीत कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. छातीत बादलीभर पिवळसर पाणी होतं. फुप्फुसं फुगून ओली झाली होती. नाकपुड्यांतून पांढरा फेस आला होता, साबणाचा असावा तसा. या फेसाशी तांगेवाल्यांचा काय संबंध, ते शिपायाला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याने हुकूम वाचून दाखवला आणि नाकाला रुमाल लावून तो चालता झाला.

हे साठ सालचं. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि ऑफिसांच्या पाट्या रंगवायचं काम अजून चालू होतं. मी अमरावतीच्या जनावरांच्या दवाखान्यात व्हेटर्नरी असिस्टंट सर्जन होतो. नाव भारदस्त, काम म्हणजे बैलांचे सुजलेले खांदे आणि म्हशींची अडलेली बाळंतपणं. अकोल्याचे डॉक्टर लांब रजेवर गेले म्हणून मला तिकडे धाडलं होतं. साहेब म्हणजे तिथले आमच्या खात्याचे अधिकारी. पुण्याकडचे, नवीनच बदलून आलेले. आपल्याला वऱ्हाडात शिक्षा म्हणून पाठवलंय असं त्यांना वाटायचं, आणि ती शिक्षा ते आम्हा सगळ्यांना वाटून द्यायचे.

बापूसाहेब हे देशमुख. आसपासच्या गावांत जमीन, अकोल्यात घर, घराला लागून तबेला. दसऱ्याला शिलंगणाच्या मिरवणुकीत घोड्यावर बसून सगळ्यांच्या पुढे जायचा मान त्यांच्या घराकडे होता. या मानासाठी त्यांनी पोळ्याच्या सुमारास थेट मारवाडकडच्या बाजारातून एक पांढरा घोडा आणला. तो रेल्वेच्या वॅगनमधून उतरला तेव्हा स्टेशनवर ताशा वाजला म्हणे. मी चिरफाड करत होतो तो घोडा मात्र तांबडा होता.

"बापूसाहेब, तो नवा पांढरा दिसत नाही," मी म्हटलं.

"तो गेला."

"कुठे गेला?"

"कोठी जाईन? मेला. नजर लागली त्याले. रोज संध्याकाळी गावभरचे लोक तांगे करकरून पाह्याले येत होते. मंग लागन नाई तं काय होईन?"

"तेव्हाच आम्हाला कळवायचं होतं."

"कावून? नजरेवर इंजेक्शन हाये काय तुमच्यापाशी?"

मग त्यांनी मी कुठला ते विचारलं. वलगावचा, म्हटलं. वलगावात कोणत्या बाजूला राहता, हा पुढचा प्रश्न. तेही सांगितलं, आणि छपन्न साली आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली हेही सांगून टाकलं, कारण गाडी शेवटी त्याच स्टेशनावर येणार होती. बापूसाहेब "अस्सं" म्हणाले. गड्याने माझ्या हातांवर बादलीतून वरून पाणी ओतलं. रक्ताने भरलेल्या हातांवर कुणीही वरूनच ओतलं असतं, म्हणून मी त्याचं काही वाटून घेतलं नाही. पण मी फाटकाबाहेर पडत असताना त्याने ती बादली उकिरड्यावर भिरकावली, ते मात्र मी पाहिलं.

आता रोगाविषयी थोडं सांगतो. आफ्रिकन हॉर्स सिकनेस असं त्याचं नाव. व्हायरसचा रोग. त्या वर्षापर्यंत आमच्यापैकी कुणी तो डोळ्यांनी पाहिला नव्हता, फक्त पुस्तकात वाचला होता. उन्हाळ्यात तो देशात शिरला आणि घोडे धडाधड मरायला लागले. खात्याने सर्क्युलर काढून लक्षणं कळवली होती. आधी ताप येतो. लबाडी अशी, की ताप असताना घोडा चांगला खातो, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. पुढे कुणाच्या फुप्फुसात पाणी भरतं, तो घोडा उभ्या उभ्या गुदमरून मरतो. कुणाच्या डोळ्यांवरचे खड्डे सुजून वर येतात. तो जगला तर जगतो.

हा रोग एका घोड्याला दुसऱ्याचं अंग लागून होत नाही. उष्ट्या पाण्यातून होत नाही, चाऱ्यातून होत नाही. आपल्याकडे ज्यांना मुरकुटं म्हणतात ते डासाहून बारीक किडे तो पसरवतात. मुरकूट ओल्या शेणात आणि चिखलात वाढतं आणि दिवस मावळला की चावायला निघतं. आजारी घोड्याला चावलं की व्हायरस त्याच्या पोटात जातो, काही दिवस तिथे वाढतो, आणि मग ते ज्या घोड्याला चावेल त्याला रोग. बापूसाहेबांच्या तबेल्यामागे शेणाचा ओला ढीग माझ्या उंचीचा होता. पांढरा घोडा रोग घेऊन आला आणि मुरकुटांनी तो तांबड्याला दिला. यात नजर नव्हती की तांगेवाले नव्हते.

मी तडक ऑफिसात गेलो आणि साहेबांना हेच सांगितलं.

"सर्क्युलर मीही वाचलंय," साहेब म्हणाले. "सेग्रिगेशन करा असं स्पष्ट लिहिलंय त्यात."

"आजारी आणि निरोगी घोड्यांचं, साहेब."

"मग मी काय करतोय?"

"तांग्याचा एकही घोडा आजारी नाही अजून."

"नाही कसा? ते घोडे राहतात कसे, पाहिलंय का? आणि पाणी पितात कुठे? स्टेशनबाहेरच्या हौदावर. बापूसाहेबांचा घोडा वॅगनमधून उतरल्या उतरल्या त्याच हौदावर पाणी प्यायला. स्वतः बापूसाहेबांनी सांगितलं मला. खानदानी जनावर आणि तांग्याची तट्टं एकाच हौदावर! दुसरं काय होणार?"

"पण हा रोग पाण्यातून जातच नाही. मुरकुटं..."

"त्या मुरकुटांचं सोडा हो. पाणी वेगळं केल्याने नुकसान तर काही नाही ना?"

मी म्हटलं, "साहेब, पाणी वेगळं करून कुठला रोग गेल्याचं मी ऐकलं नाही. आमच्या लोकांवर हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या झालाय."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हा लोकांना सगळीकडे तेच दिसतं."

मला तेच दिसत होतं, कारण समोर तेच होतं. घोडे वेगळे करायचे ते तापावरून, एवढं सर्क्युलरमध्ये लिहिलेलं या माणसाने वाचलं, आणि वेगळे केले ते मालकांवरून. ज्या तबेल्यात दोन घोडे मेले तो चांगला, आणि जिथे एकही मेला नाही ते घोडे वाईट. पदवीधर माणूस होता. इंग्रजी उत्तम बोलायचा.

दुसऱ्या दिवशी हौदाला कुलूप लागलं. दगडी हौद होता, कुणा शेटजीने मुक्या जनावरांसाठी धर्मादाय बांधलेला. त्यावर फळ्यांचं जड झाकण बसवलं, झाकणाला कडी, कडीला कुलूप. एक किल्ली साहेबांच्या जुडग्यात. दुसरी बापूसाहेबांकडे, कारण त्यांचा उरलेला एक घोडा बाजारात आला तर त्याला पाणी नको का? तांगे बंद. तांग्याचे घोडे मोर्णा नदीच्या काठी, उघड्यावर, काटेरी कुंपण घालून ठेवायचे. नदीकाठचा चिखल, वर आभाळ, आणि दिवस मावळला की मुरकुटांचे थवे. घोडे मारायचाच बेत असता तर मीसुद्धा हीच जागा सुचवली असती.

हौदाशी जानराव भेटला. तांगास्टँडवरचा सगळ्यात जुना माणूस, बाकीचे त्याचं ऐकत. त्याच्या पोटाचा सगळा आधार म्हणजे एक तांगा आणि मैना नावाची ठेंगणी, काळसर घोडी. तो कुलूप हातात धरून उलटंपालटं करून पाहत होता.

"डाक्तरसाहेब, माह्या घोडीनं काय गुन्हा केला?"

"काही नाही केला."

"मंग हे काय व्हय?"

"हा अडाणीपणा आहे," मी म्हटलं. सरकारी नोकराने बोलू नये ते बोललो आणि मला बरं वाटलं.

"अडानी तं आमी हाओ ना जी! हे तं शिकलेले हायेत." तो हसला. मग एकदम गंभीर झाला. "नदीवर नेले तं मरतीन काय हे घोडे?"

"बरेच मरतील."

"मैना मेली तं मी बी मेलोच समजा. दुसरी घोडी घ्याची ऐपत नाई आपली."

तेव्हा मला एक युक्ती सुचली. गावाबाहेर एक जिनिंग फॅक्टरी होती. कापूस यायला वेळ होता, गोदामं रिकामी पडली होती. फरशी कोरडी, वर टिन, आजूबाजूला पाणी नाही. तिथला मॅनेजर धामणगावचा, माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, दिवाळीच्या आत लीद झाडून द्या, बस. मग मी साहेबांकडे गेलो. मुरकुटांचं नाव काढलं नाही.

"साहेब, नदी गावाला फार जवळ पडते," मी म्हटलं. "बापूसाहेबांचे गडी तिकडेच कपडे धुतात. हे घोडे आणखी लांब नको का ठेवायला?"

"किती लांब?"

"जिनिंगमध्ये. गावाच्या पार बाहेर."

साहेब खूश झाले. "आता कसं बोललात! तिकडेच न्या. जितके लांब तितके बरे."

आयुष्यात पहिल्यांदाच मला गावकुसाबाहेरची जागा उपयोगी पडताना दिसली. त्याच दिवशी घोडे गोदामात गेले. तांगेवाल्यांनी दारांना आणि खिडक्यांना गोणपाट शिवून लावले. मलेरियावाल्यांकडून मी पंप मागून आणला आणि भिंतींवर डीडीटी मारलं. रोज ऊन उतरायच्या आत सगळे घोडे आत, दार बंद, आणि बाहेर गोवऱ्यांवर कडुनिंबाचा पाला टाकून धूर. माणसांना हा रोग होत नाही हे मी सांगून सांगून थकलो. शेवटी सगळ्यांसमोर एका घोड्याच्या नाकाला गाल लावून उभा राहिलो, तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

सकाळ-संध्याकाळ मी सगळ्यांना थर्मामीटर लावायचो. घोड्याला थर्मामीटर शेपटीखाली लावतात. एका सकाळी मैनाला ताप निघाला.

"खाऊन तं राहिली चांगली!" जानराव म्हणाला. "ताप कसा अशीन?"

"म्हणूनच कळत नाही. गेल्या पंधरवड्यात संध्याकाळचं बापूसाहेबांकडे भाडं नेलं होतं?"

"रोजच नेलं. लोक पांढऱ्याले पाह्याले जात. मंग तो मेला तं भेटाले जात. मी भिंतीपाशी तांगा लावून बसो."

म्हणजे तबेल्याच्या भिंतीपाशी, तिन्हीसांजेला, शेणाच्या ढिगाशेजारी. मेलेल्या घोड्याच्या दुखवट्याला गेलेल्या लोकांनी जानरावच्या घोडीला दुखणं आणून दिलं होतं.

मैनाला गोदामाच्या कोपऱ्यात गोणपाटाची वेगळी खोली केली. या रोगावर औषध नाही, तेव्हाही नव्हतं आणि अजूनही नाही. विश्रांती हेच औषध. तापातल्या घोड्याला जरा दामटलं की तो गेलाच. मी जानरावला सांगितलं, हिला एक पाऊलही चालवायचं नाही, आणि तहान लागली की सगळ्यात आधी पाणी. तो तिथेच राहिला. पाणी खांद्यावरून आणायचा, ओंजळीत कुटाराचा चारा धरून खाऊ घालायचा. घोडीच्या डोळ्यांवरचे खड्डे फुगून तिचं तोंड ओळखू येईना. "आपली मैना नाई वाटत हे," म्हणून तो रडला. मलाही भीती वाटत होती. तसं तोंडावर दाखवलं नाही इतकंच.

याच दिवसांत लस आली. उत्तरेतून, बर्फाच्या पेटीत. साहेबांचा हुकूम: पहिली सुई बापूसाहेबांच्या उरलेल्या घोड्याला. गेलो. लस टोचण्याआधी ताप पाहावा लागतो, कारण आजार अंगात असलेल्या घोड्याला लस देऊन फायदा नसतो. मी थर्मामीटर काढला.

"हे कोठी लावता?" बापूसाहेबांनी विचारलं.

"शेपटीखाली."

"माह्या घोड्याले? सगळ्या गड्यायसमोर?"

"गड्यांना आत पाठवा."

"आन हे नळी तांग्याच्या घोड्यायले लावली अशीन तुमी."

"स्पिरिटने धुतली आहे."

"काई नाई. घोडा चंदी खाऊन राहिला मस्त. त्याले काय ताप? सुई मारा अन् मोकळे व्हा. सुई नवी हाये ना?"

सुई नवी होती. साहेबही बाजूला उभे होते. "बापूसाहेब म्हणतात तसं करा," ते म्हणाले. मी माझा आक्षेप दोघांसमोर मोठ्याने सांगितला आणि लस टोचली. घोडा त्याच आठवड्यात नाकातून फेस काढून मेला. बापूसाहेबांनी गावभर सांगितलं, की त्या वलगाववाल्यानं सुईनं मारला. त्या साली शिलंगणाला बापूसाहेब जीपमधून गेले. जीप मिरवणुकीत दोनदा बंद पडली.

गोदामातल्या घोड्यांना ताप पाहूनच लस दिली. तिथला एकही घोडा दगावला नाही. मैनाचा ताप एका सकाळी उतरला, मग हळूहळू सूजही. जानरावने मला गूळ खाऊ घातला आणि घोडीलाही. दोघांना एकाच हाताने.

थंडीची चाहूल लागली, मुरकुटं संपली, तांगे सुरू करायला परवानगी मिळाली. मैनालाही थोड्या थोड्या फेऱ्यांना जुंपायला मी हरकत घेतली नाही. हौदाचं कुलूप मात्र तसंच राहिलं. ज्याच्यासाठी हौद राखून ठेवला तो बापूसाहेबांचा शेवटचा घोडाही मेला होता, तरी किल्ली दोघांपाशी होती. मी दोनदा विचारलं. साहेब म्हणाले, "प्रिकॉशन म्हणून राहू द्या."

मग अमरावतीला विभागाची मीटिंग झाली. साहेबांनी भाषण केलं: अकोल्यात पाण्याचं वेळीच सेग्रिगेशन केल्यामुळे साथ आटोक्यात आली. वरिष्ठांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांच्या गळ्यात हार पडला. मला बोलायला सांगितलं नव्हतं. तरी मी उठलो आणि म्हटलं, "सेग्रिगेशन केलेल्या पाण्यावरचा एकुलता एक घोडा मेला, बाकीचे जगले." अध्यक्ष म्हणाले, वेळ झाला आहे. चहा आला.

बडनेऱ्याहून गाडी धरून आम्ही दोघं अकोल्याला उतरलो. भर दुपार. साहेबांजवळ ट्रंक, वळकटी आणि गळ्यात अजून तो हार. तांगास्टँडवर रांग होती आणि पहिला नंबर जानरावचा होता.

"बंगल्यावर चल," साहेब म्हणाले.

"चाललो असतो साहेब. पन घोडीले तान लागली."

"मग पाज पाणी."

"हौदाले कुलूप हाये ना जी."

"विहिरीवर ने."

"विहीर लय दूर हाये. आताच दुखन्यातून उठली बिचारी. डाक्तरसाहेबानंच सांगतलं, तान लागली का पयले पानी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी सांगितलंय," मी म्हटलं.

साहेब मागच्या तांग्याकडे वळले. "ए, तू चल."

"नंबर जानरावचा हाये साहेब."

त्याच्या मागच्यानेही तेच सांगितलं. तांगास्टँडवर नंबर मोडायचा नसतो. तो कलेक्टरसाठी मोडत नाहीत, नवरदेवासाठी मोडत नाहीत. साहेब थोडा वेळ उन्हात उभे राहिले. बंगला चालत जायच्या अंतरावर नव्हता, आणि ट्रंक उचलायला मी पुढे झालो नाही.

शेवटी त्यांनी खिशातून जुडगा काढला. कुलूप गंजलं होतं, जोर लावून उघडावं लागलं. पाण्याने फुगलेलं झाकण एका हाताने उचलेना, म्हणून त्यांनी हार काढून ट्रंकेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी झाकण वर केलं. ते आपोआप उभं राहत नव्हतं. सोडलं की घोडीच्या मानेवर पडलं असतं. तेव्हा साहेब झाकण डोक्यावर धरून उभे राहिले आणि मैना पाणी पिऊ लागली. दुखण्यातून उठलेलं जनावर घाईने पीत नाही. ती थांबायची, कान हलवायची, इकडेतिकडे पाहायची, पुन्हा तोंड घालायची.

"झालं का?" साहेबांनी विचारलं.

"तिचं झालं साहेब," जानराव म्हणाला. "धरून ठेवा थोडं. मांगच्यायले बी तान लागली." मागचे तांगे एकेक करून हौदाकडे सरकायला लागले होते.

साहेबांनी ते कुलूप पुन्हा लावलं नाही. पुढे त्यांची बढती होऊन बदली झाली, अशा माणसांची होतेच. मी नोकरीभर नव्या डॉक्टरांना एकच गोष्ट सांगत आलो: साथ आली की आधी जनावराचा ताप पाहा, मालकाचं आडनाव नंतर विचारा, आणि विचारलं नाही तरी चालतं.